आईचा जामीनदार

आक्का मिरजेहून आली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची पिशवी एक आणि कागदांच्या पिशव्या तीन होत्या. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. चहा व्हायच्या आधीच तिने तिन्ही पिशव्या आमच्या जेवणाच्या टेबलावर उपड्या केल्या आणि म्हणाली, "हे बघ, यातलं काय लागतं ते काढ, बाकीचं बांधून ठेव. आणि मला त्या साहेबापुढे एकदाचं उभं राहू दे."

ही २०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. भाऊजी जाऊन सहा वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत, तिथला नागरिक झालेला. त्याने २०२२ च्या उन्हाळ्यात आईसाठी अर्ज भरला. आय-१३० असे त्या अर्जाचे नाव. अमेरिकेच्या कायद्यात सज्ञान नागरिकाचे आईवडील हे 'निकटचे नातेवाईक' धरले जातात आणि त्यांना वार्षिक कोट्याची रांग नसते. अर्ज मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर नावाच्या कचेरीकडे जाते, तिथे शुल्क भरायचे, डीएस-२६० हा लांबलचक फॉर्म भरायचा, कागद चढवायचे, आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. भाच्याने फोनवर हे सगळे सांगून शेवटी म्हटले होते, "मामा, तुम्ही बँकेत होतात, कागद तुम्हीच बघा."

छत्तीस वर्षे बँकेत कागद बघितले. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिल्या तरी नातेवाइकांच्या लेखी मी अजून कर्जविभागातच बसलेला आहे. त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

कागद लावायला बसलो आणि पहिल्याच दिवशी ध्यानात आले की माझी बहीण एक नसून किमान तीन आहेत. माहेरी तिचे नाव एका नदीचे होते. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने भाऊजींनी जे लिहिले ते फुलाचे. शाळेच्या दाखल्यावर नदी आणि आमच्या वडिलांचे नाव, पासपोर्टवर फूल आणि भाऊजींचे नाव, मुदत ठेवीच्या पावत्यांवर त्याच फुलाला जोडलेले 'बाई'. आपल्याकडे कुणाला यात काही वावगे वाटत नाही. पण हे प्रकरण वाचणाऱ्या परक्या माणसाला ह्या तीन वेगवेगळ्या स्त्रिया आहेत, आणि त्यातली नेमकी कोण अर्जदाराची आई, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. लग्नाचा दाखला हा ह्या नद्या-फुलांमधला पूल असतो. आक्काचे लग्न १९७२ सालचे. नोंदणी नव्हतीच, ती भाऊजींच्या निवृत्तीच्या वेळी करून घेतलेली होती म्हणून वाचलो. त्याला एक प्रतिज्ञापत्र जोडले, की ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची. ज्या घरांत सासूबाईंची किंवा आईची लग्ननोंदणी अजून झालेली नाही त्यांनी ती व्हिसासाठी नव्हे, एरवीसुद्धा करून ठेवावी, एवढे मी जाता जाता सांगतो.

मग जन्मतारीख. दाखल्यावर १ जून १९५०. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि हेडमास्तरांना मुलाचे वय सहा पूर्ण दाखवायचे असायचे. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची की आक्का श्रावणातली. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पूर्वी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल करायचा. ती कोतवाल बुके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे दोन दिवस बसलो. त्या वर्षाचे पुस्तकच नव्हते. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, तो १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधी जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मदाखला नसेल तर 'नोंद आढळत नाही' असे सक्षम कचेरीचे पत्र आणि शाळेचा दाखला चालतो. ते पत्र मिळवले. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे केली. भाषांतर करणाऱ्याने त्याखाली 'मला दोन्ही भाषा येतात व हे भाषांतर बरोबर आहे' असे लिहून सही करायची असते. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. त्याच्या चौकशीला आलेल्या तरुण शिपायाने आक्काला अतिशय संकोचून विचारले, "आजी, तुमच्यावर काही गुन्हा बिन्हा?" आक्का म्हणाली, "अजून तरी नाही."

हे सगळे झाले की माणसे समजतात, मुख्य काम संपले. मुख्य काम तिथून सुरू होते. ते पैशाचे.

पैशाचा पुरावा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बँकेचा शिल्लक दाखला येतो. हे दाखले मी शेकड्यांनी दिले आहेत. विद्यार्थी व्हिसाच्या हंगामात शाखेत एक ठरलेले दृश्य असे. एखादे पालक सोमवारी मोठी रक्कम भरत, मंगळवारी दाखला घेत आणि गुरुवारी रक्कम काढून नेत. मी सही करायचो, कारण मंगळवारी तेवढी शिल्लक होती हे खरेच होते. दाखला एका दिवसापुरते खरे बोलतो. वर्षभराचे बोलतो तो खातेउतारा, आणि म्हणूनच जाणते अधिकारी दाखल्यापेक्षा बारा महिन्यांचा उतारा मागतात. तो वाचायला शिकलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो की हे पैसे या घरात राहतात की पाहुणे आले आहेत.

पण कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी गणितच निराळे आहे. तिथे प्रश्न 'तुमच्याकडे किती आहे' हा नाही. 'तुमचा भार कोण उचलणार' हा आहे. सार्वजनिक खर्चावर ओझे होईल अशा माणसाला प्रवेश द्यायचा नाही हे कलम अमेरिकेच्या कायद्यात १८८२ पासून आहे. पूर्वी बोलावणारा नातेवाईक एक आश्वासनपत्र देई, आणि कोर्टात ते टिकत नसे. १९९६ साली तिथे कायदा बदलला आणि डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ हा फॉर्म आला. त्याला निर्वाहाचे प्रतिज्ञापत्र म्हणतात. नाव प्रतिज्ञापत्राचे असले तरी तो करार आहे. बोलावणाऱ्याने तिथल्या सरकारशी केलेला, वसूल होऊ शकणारा करार. येणाऱ्या माणसाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाणार नाही असे मी बघीन, आणि त्याने ठरावीक सरकारी मदत घेतली तर ती भरून देईन.

फॉर्म वाचून खाली ठेवला आणि मी आक्काला म्हणालो, "आक्का, हा तर जामीन आहे."

माझ्या नोकरीतला पहिला धडा जामीनदाराचा. तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एका प्राथमिक शिक्षकाने मेव्हण्याच्या मळणी यंत्राच्या कर्जाला जामीन दिला. मेव्हण्याचे यंत्र वर्षभरात बंद पडले, हप्तेही. शिक्षकाच्या पगारातून कपात सुरू झाली तेव्हा तो माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "साहेब, मी तर फक्त सही केली होती." भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचे १२८ वे कलम सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ते कलम मला पाठ होते. त्याला कुणी वाचून दाखवले नव्हते, आणि खरे सांगायचे तर कर्ज देताना मीही वाचून दाखवले नव्हते. रांग मोठी होती. चाळीस वर्षे झाली असतील, तो माणूस मला अजून आठवतो.

म्हणून भाच्याला फोन करून म्हटले, तुझे गेल्या वर्षीचे प्राप्तिकर विवरण पाठव. तो म्हणाला, पाठवतो. आठ दिवस गेले. पुन्हा फोन केला, तेव्हा त्याने विवरण पाठवले आणि पाठोपाठ स्वतः फोन केला. "मामा, आईला सांगू नका."

२०२२ च्या दिवाळीनंतर त्याची नोकरी गेली होती. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली, ते आपण सगळ्यांनी वाचले होते. आपल्या घरातला कुणी त्यात असेल असे वाटले नव्हते. तेव्हापासून तो घरी बसून सल्लागारीची कामे करत होता. विवरणातला निव्वळ नफा २४,६०० डॉलर. सूनबाई शाळेत अर्धवेळ काम करते, तिचे १४,३०० डॉलर. दोघांचे मिळून ३८,९००.

ते दोघे, त्यांची दोन मुले आणि आक्का, असे पाच जणांचे कुटुंब. २०२४ च्या कोष्टकाप्रमाणे पाच माणसांसाठी दारिद्र्यरेषेचे १२५ टक्के म्हणजे ४५,७२५ डॉलर. तूट ६,८२५ डॉलरची.

"एवढं कमी नाही रे मिळत मला," तो म्हणाला. "खर्च वजा करून तसं दिसतं. गाडी, खोलीचं भाडं, संगणक, सगळं अकाउंटंटनं वजा टाकलं. कर वाचला."

मला हसू आले, ते आवरले. हेच वाक्य मी मिरज, सांगली, कोल्हापूर, सगळीकडच्या व्यापाऱ्यांकडून ऐकले होते. प्राप्तिकराच्या वेळी रडायचे आणि कर्जाच्या वेळी छाती काढायची. बँकेला जे पान चालते ते एकच, आणि वकिलातीलाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या बाबतीत धंद्याची उलाढाल धरत नाहीत, खर्च वजा जाता उरलेले निव्वळ धरतात. ज्यांची मुले परदेशात स्वतःचा व्यवसाय करतात आणि पुढेमागे आईवडिलांना नेणार आहेत त्यांनी ही गोष्ट अर्जाच्या आधी दोन वर्षे ध्यानात घ्यावी.

तूट भरून काढण्याचे दोन मार्ग होते. एक, संयुक्त जामीनदार. तिथे राहणारा नागरिक किंवा कायम रहिवासी, नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही, पण त्याचे स्वतःचे उत्पन्न पुरेसे हवे आणि तो तितकाच बांधला जातो. भाच्याचा कॉलेजपासूनचा एक मित्र होता. पहिल्या दिवशी त्याने 'सांग कुठे सही करायची' म्हटले. चौथ्या दिवशी फोन करून म्हणाला की फॉर्म वाचला, बायकोशी बोललो, जमणार नाही. भाचा दुखावला. मी त्याला म्हटले, तो तुझा खरा मित्र आहे, त्याने वाचून नाही म्हटले. न वाचता हो म्हणणारे मी पुष्कळ बघितले आहेत. भाच्याला ते पटले की नाही, मला सांगता येणार नाही.

दुसरा मार्ग मालमत्तेचा. उत्पन्नात जेवढी तूट, तिच्या पाचपट मालमत्ता दाखवायची. नागरिकाच्या पतिपत्नीसाठी तिप्पट पुरते, आईवडिलांसाठी पाचपट. ६,८२५ चे पाचपट ३४,१२५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेअठ्ठावीस लाख रुपये. ही मालमत्ता वर्षाच्या आत रोख करता येण्यासारखी हवी आणि देशाबाहेर नेता येण्यासारखी हवी. आणि ती बोलावणाऱ्याचीच असावी असे नाही. जाणाऱ्याचीही चालते.

म्हणजे आक्काची.

आक्काचे मिरजेतले घर आहे, पण घराचे मूल्यांकन, त्यावर वाद नसल्याचा पुरावा, विक्री किती दिवसांत होईल, या गोष्टी परक्या अधिकाऱ्याला पटवणे जिकिरीचे. दीड एकर शेत आहे, ते तर मी यादीतच घेतले नाही. मुदत ठेवी मात्र होत्या. भाऊजी रेल्वेत होते. त्यांचे निवृत्तीचे पैसे आणि २०१६ साली विकलेल्या एका प्लॉटचे पैसे मिळून. नेमक्या किती, ते मला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे तर कारण सांगावे लागणार होते. भाच्याला म्हटले, "आता लपवता येणार नाही. तू सांगतोस की मी सांगू?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्हीच सांगा मामा."

सांगितले. आक्का भाजी निवडत होती. ती निवडायची थांबली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष झालं." मग उठली, पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे ठेवले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पंधरा हजार रुपये. नोकरी होती तेव्हाही, गेल्यानंतरही. एक महिना चुकला नव्हता. "मला पेन्शन पुरतं. मी कशाला हात लावते त्याच्या पैशाला? रिकरिंग काढून टाकलंय."

आकडे मांडले. मुदत ठेवी आणि रिकरिंग मिळून एकतीस लाख चाळीस हजार. त्यातले सातेक लाख मुलानेच पाठवलेले. आक्का माझ्या कागदाकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "मग नक्की कोण कुणाला पोसणार आहे ते एकदा सांग बघू मला." मी बँकेतला माणूस. मी म्हटले, कागदोपत्री तो तुला.

त्या पावत्यांवरही भाऊजींचे नाव होतेच. 'एकतर किंवा हयात' अशा सूचनेवर काढलेल्या ठेवी. एक जण गेला तरी व्यवहार अडत नाही म्हणून नाव कमी करायचे राहून जाते. मी स्वतः किती विधवांना 'मुदत संपल्यावर बघू' म्हटले असेल त्याची गणती नाही. पण वकिलातीपुढे ठेव निर्विवादपणे तिची दिसायला हवी. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केले, नावे कमी झाली, नव्या पावत्या आल्या. जुन्या पावत्या परत देताना आक्काने त्यांच्यावरून एकदा हात फिरवला. त्यानंतर बारा महिन्यांचे उतारे, ठेव कधीपासूनची आहे आणि तिच्यावर कर्ज नाही असे बँकेचे पत्र, आणि प्लॉटच्या विक्रीखताची प्रत घेतली, कारण एवढे पैसे कुठून आले हा प्रश्न येणारच. पैसा बाहेर नेता येतो याबद्दल अर्ध्या पानाची टीप जोडली. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. ठेव मोडायची गरज नसते, मोडता येईल एवढे दाखवायचे असते. मुलाखत झाली की मोडून पाठवावी लागेल असे समजून कितीतरी लोक घाबरतात म्हणून हे मुद्दाम लिहितो.

राहिली सूनबाई. तिचे उत्पन्न धरायचे म्हणजे तिचीही सही हवी. त्यासाठी आय-८६४ए हा निराळा फॉर्म. भाच्याला ती औपचारिक बाब वाटत होती. पण एका रात्री तिचा मला थेट फोन आला. "मामा, मी फॉर्म पूर्ण वाचला. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यांच्यासमोर विचारल्या तर वेगळा अर्थ निघेल."

पहिली, हे बंधन किती वर्षांचे? मी सांगितले, येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावे चाळीस तिमाह्यांचे काम जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडून जाईपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दहा वर्षे नोकरी करणार नाही, तेव्हा बाकीचे तीन. दुसरी, वसुली कोण करू शकते? मदत देणारी सरकारी कचेरी. आणि जिच्यासाठी सही केली ती व्यक्तीसुद्धा कोर्टात जाऊ शकते. "म्हणजे आई माझ्यावर दावा लावू शकतील?" लावू शकतील, म्हटले. ती हसली नाही. तिसरा प्रश्न विचारायला तिला वेळ लागला. "आणि मामा, उद्या आमच्या दोघांत काही झालं तर?" घटस्फोटाने हे बंधन सुटत नाही, असे फॉर्ममध्येच छापले आहे. मी ते तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हो, तेच वाचलं होतं. बरोबर समजलं का ते विचारायचं होतं."

दोन दिवसांनी सही केलेला फॉर्म आला.

माझी चूक अशी की हे मी आक्काच्या कानावर घातले. तिला लागले. लेकाच्या घरी जायला सुनेने तीन प्रश्न विचारावेत! दिवसभर माझ्याशी तुटक बोलली. मी मात्र सूनबाईच्या बाजूचा आहे. त्या सगळ्या प्रकरणात भाच्याने सही केली ती आईसाठी, मी टिपा लिहिल्या त्या बहिणीसाठी, आणि आपण नेमके काय कबूल करतो आहोत हे पूर्ण समजून सही करणारी एकटी तीच होती. रात्री मी आक्काला त्या मळणी यंत्रवाल्या शिक्षकाची गोष्ट सांगितली. ऐकून ती काही बोलली नाही. सकाळी तिने आपण होऊन न्यू जर्सीला फोन लावून मागितला. दार लावून घेतले. काय बोलल्या ते मला आजतागायत माहीत नाही.

इथे आमच्याच सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांचे सांगायला हवे, कारण सगळ्यांचे आक्कासारखे सरळ जात नाही. त्यांच्यासाठी बहिणीने अर्ज केला आहे. भावाबहिणींच्या वर्गाला जगभर मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि कोणत्याही एका देशाला एकूण वाट्याच्या सात टक्क्यांहून जास्त नाही. भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक थांबावे लागते. अर्ज केला तेव्हा त्यांचा मुलगा चौथीत होता, तो आता स्वतः बाप झाला आहे. एकवीस वर्षे ओलांडलेले मूल वडिलांच्या अर्जातून गळते. २००२ च्या एका कायद्याने अर्ज प्रलंबित होता तेवढा काळ वयातून वजा मिळतो, पण रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. आता नंबर आला तर दोघा नवराबायकोंनी मुलगा, सून, नात इथे ठेवून जायचे. ते अजून दरवर्षी कागद ताजे करून ठेवतात. जातील असे मला वाटत नाही.

मुलाखत ऑक्टोबरात लागली. त्याआधी मुंबईत ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, क्ष-किरण, लशी. पूर्वी वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती. समुद्राच्या वाऱ्यात फुटपाथवर रांग लागायची. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाईल आत नेता येत नाही आणि सोबतच्याला बाहेरच थांबावे लागते. मी रंगीत खुणा लावलेली फाईल आक्काच्या हातात दिली. फाईल म्हणजे माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचा अर्क होता. ती आत गेली आणि मी झाडाखाली उभा राहिलो. तिथे माझ्यासारखे बरेच होते. कुणी कुणाशी फारसे बोलत नव्हते.

अडीच तासांनी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाई होती. मराठीत सांगणारी दुसरी एक बाजूला. मुलगा काय करतो विचारलं. नोकरी होती, गेली, आता स्वतःचं काम करतो, असं सांगितलं. नातवंडांची नावं विचारली. शेवटचं कधी भेटलात विचारलं. मग म्हणाली, तिकडे तुमचा खर्च कोण करणार?"

"मग?"

"म्हटलं, मुलगा आणि सून. आणि थोडा मी."

फाईल? फाईल कुणी मागितलीच नाही. दोन दाखल्यांच्या मूळ प्रती बघितल्या, बाकीचे त्यांच्या पडद्यावर होतेच. माझ्या रंगीत खुणा तशाच राहिल्या. मात्र एक चिठ्ठी मिळाली होती. भाच्याच्या विवरणाची जी प्रत चढवली तिच्यात धंद्याच्या हिशेबाचे पान नव्हते, ते पाठवा. म्हणजे नेमके जे पान त्याला दाखवायचे नव्हते तेच. नकार नव्हे, कागद पुरा होईपर्यंत थांबवलेले प्रकरण. अशी चिठ्ठी मिळाली की लोक हातपाय गाळतात, तसे करू नये. पान आठवड्यात गेले, नोव्हेंबरच्या अखेरीस पासपोर्ट आला. तोवर आक्काने बँकेत जाऊन हयातीचा दाखलाही देऊन टाकला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. "हा एक कागद बरा," ती म्हणाली, "यात दुसऱ्या कुणाची सही लागत नाही."

जायच्या आधी तिने एक गोष्ट विचारली, आणि ती मी आधी बघायला हवी होती. आजारी पडले तर? पासष्टच्या वरच्या नव्या रहिवाशाला तिथला सरकारी आरोग्य विमा सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय विकतही मिळत नाही. १९९६ च्याच कायद्यांनी बहुतेक सरकारी मदत पहिली पाच वर्षे बंद ठेवली आहे. म्हणजे खासगी विमा, आणि तो स्वस्त नाही. आम्ही सगळ्यांनी साडेअठ्ठावीस लाख जुळवले, पण हा खर्च कुणीच मांडला नव्हता. सूनबाईने मांडला होता. तिच्या वहीत तो आकडा मे महिन्यापासून होता.

आक्का जानेवारी २०२५ मध्ये गेली. ठेवींच्या पावत्या माझ्या कपाटात आहेत. मिरजेच्या घराची किल्लीही. गेल्या महिन्यात सूनबाईचा फोन होता. आक्काला तिथल्या बँकेत खाते उघडायला नेले होते. अकरावीपर्यंतच्या इंग्रजीवर आक्का अर्जाचे एकेक वाक्य वाचत बसली, अडला शब्द नातवाला विचारत. काउंटरवरच्या मुलीने दोनदा सांगितले की नेहमीचाच फॉर्म आहे, इथे फक्त सही करा.

"मग केली का सही?" मी विचारले.

"कसली करतात! फॉर्म घरी घेऊन आल्यात. म्हणाल्या, उरलेली दोन पानं उद्या."